माणगावच्या पुतळ्याचा पत्ता शोधत इटलीत

मुंबईहून कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा, माणगाव म्हटलं की त्याला काय आठवतं. ट्रॅफिक. गणपतीत तर तिथे माणसं गाडीत बसून डबा खातात, झोपतात, उठतात आणि गाडी अजून तिथेच असते. आम्ही त्याच तालुक्यातले. बाबा एसटीत कंडक्टर, त्यातली बरीच वर्षं माणगाव डेपोला, त्यामुळे माझं सगळं लहानपण त्या स्टँडवर आणि आजूबाजूला गेलं. तहसील कचेरीच्या आवारात एक पुतळा आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, काहीही काढायला गेलं की त्या पुतळ्यापाशी सावली बघून उभं राहायचं. "कुठे आहेस?" "पुतळ्याजवळ." एवढाच आमचा संबंध. नाव माहीत होतं, यशवंतराव घाडगे, आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला होता हे शाळेत १५ ऑगस्टच्या भाषणात ऐकलेलं. कुठे लढले, कुणाशी लढले, कसे गेले, काही विचारू नका.

आता मी म्युनिकला राहते. दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की इटलीत मोंतोने नावाच्या एका डोंगरावरच्या गावात यशवंत घाडगेंच्या नावाने स्मारक उभं राहिलंय, जुलै २०२३ मध्ये, आणि ते स्मारक म्हणजे चक्क सूर्यघड्याळ आहे. बातमी मी बाबांना फॉरवर्ड केली, बाबांनी ती अख्ख्या डेपोच्या रिटायर्ड ग्रुपला केली आणि मग विषय तिथेच थांबला. यंदा आई-बाबा उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते, त्यांची परतीची फ्लाइट रोमहून स्वस्त मिळाली, तेव्हा बाबाच म्हणाले, "अगं मग वाटेतच आहे ना ते आपल्या घाडग्यांचं?" वाटेत वगैरे काही नाही, पण १० जुलैला, म्हणजे ज्या तारखेला ते गेले त्याच दिवशी, तिथे पोचता येत होतं. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी, आई, बाबा आणि आमची छोटी गाडी.

दिवस पहिला (९ जुलै) : म्युनिक ते चेझेना

साधारण साडेसहाशे किलोमीटर. ऑस्ट्रियाचा विन्येट, म्हणजे हायवेचा पास, आदल्या रात्री ऑनलाइन काढला, तरी ब्रेनरच्या घाटातल्या हायवेचा टोल वेगळा द्यावा लागतो, त्यावर बाबांनी बराच वेळ हिशोब केला की एका माणसामागे किती पडले. कंडक्टरचं डोकं, जातच नाही. आईने मागच्या सीटवर थालीपिठं, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा घेतलेला, इन्सब्रुकच्या पुढे एका पार्किंगमध्ये आम्ही जेवलो आणि शेजारच्या डच कुटुंबाने वास घेत घेत आमच्याकडे पाहिलं. बाकी ह्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पो नदीच्या खोऱ्यात ३७ डिग्री होतं आणि एसी रडत होता.

गाडी चालवताना मी बाबांना फोनवर शोधायला लावलं होतं की तेव्हा नक्की झालं काय होतं. ते मोठ्याने वाचत होते आणि मी मध्येमध्ये मराठी करत होते. थोडक्यात असं: दुसरं महायुद्ध चालू होतं, ४ जून १९४४ ला दोस्त फौजांनी, म्हणजे इंग्रज-अमेरिकन बाजूने, रोम घेतलं, त्यानंतर जर्मन उत्तरेकडे हटत गेले, पण पळत नाही, अडवत अडवत. त्यांना वर ॲपेनाइनच्या डोंगरात गॉथिक लाइन नावाची तटबंदी पुरी करायची होती आणि त्यासाठी वेळ पाहिजे होता. म्हणून प्रत्येक टेकडी, प्रत्येक नाला, प्रत्येक शेतघर चार दिवस धरायचं, समोरच्याला रक्त सांडायला लावायचं आणि मग रात्रीतून मागे सरकायचं. २० जूनला पेरुजा पडलं आणि तिथून वर तिबर नदीच्या खोऱ्यात जे घुसले ते भारतीय. दहावी इंडियन डिव्हिजन, आणि पुढे चौथीपण. आठवी धरून अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत होत्या, पन्नास हजारांवर माणूस.

ह्यातली एक गोष्ट मला फार आवडली. ह्या दहाव्या डिव्हिजनचा जनरल होता डेनिस रीड. हा माणूस मूळ मराठा लाइट इन्फंट्रीचा, १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या लढाईत थर्ड बटालियन मराठाचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, हाच होता. पुढे आफ्रिकेत पकडला गेला, इटलीत कैदेत पडला, तिथून पळाला आणि परत त्याच इटलीत डिव्हिजन घेऊन आला, ज्या डिव्हिजनमध्ये त्याची जुनी थर्ड मराठा पण होती. घाडगे ह्याच थर्ड मराठाचे. म्हणजे जनरलला ती पोरं नुसती नकाशावरची निशाणी नसणार, त्यांची भाषा, त्यांच्या शिव्या, सगळं येत असणार. बाबा म्हणाले, "म्हणजे डेपो मॅनेजर आधी कंडक्टर होता असं." बरोबर तसंच.

दिवस दुसरा (१० जुलै) : मोंतोने

चेझेनाहून ई-४५ नावाचा रस्ता डोंगर ओलांडून खाली तिबरच्या खोऱ्यात उतरतो. ह्या रस्त्याची ख्याती मी ऐकून होते पण प्रत्यक्ष पाहिल्यावर घरची आठवण आली. एक लेन बंद, पुलाचं काम चालू, डायव्हर्जन, परत एक लेन बंद, नारिंगी शंकू मैलोन्‌मैल आणि काम करताना मात्र एक माणूस दिसत नाही. बाबा इतके खूश झाले की काय सांगू. "हा तर आपला मुंबई-गोवाच!" मग पुढचा तासभर ते मला पळस्पे ते इंदापूर कुठला पॅच कधी अर्धवट राहिला ते सांगत होते. त्या नादात एका डायव्हर्जनला मी चुकीचं वळले आणि आम्ही एका खेड्यात, एका माणसाच्या अंगणात, त्याच्या कुत्र्यासमोर जाऊन उभे राहिलो. अर्धा तास गेला.

ह्याच डोंगरात फुमायोलो नावाच्या शिखरापाशी तिबर उगम पावते, रोममधून वाहते तीच. खाली आल्यावर खोरं रुंद होतं, दोन्ही बाजूंना गोल गोल टेकड्या, सूर्यफुलं आणि तंबाखू. हो, तंबाखू, मोठ्या पानांची हिरवीगार रांगच रांग. आई माहेरची निपाणीकडची, तिने गाडी थांबवायलाच लावली आणि बांधावर उभं राहून "खुडायला आलाय बघ खालचा पाला" असं तज्ज्ञासारखं सांगितलं.

मोंतोने खालूनच दिसतं. टेकडीच्या डोक्यावर दगडी तट, आत घरं एकमेकांना चिकटलेली, वर घंटेचा मनोरा. वस्ती दीड-पावणेदोन हजाराची. गावाची स्वतःची लढाऊ परंपरा आहे, ब्राच्चो फोर्तेब्राच्चो नावाचा पंधराव्या शतकातला मोठा भाडोत्री सेनापती इथला, गल्ल्यागल्ल्यांत त्याचं नाव. गाडी तटाबाहेर लावायची आणि चढायचं. आईचे गुडघे, बाबांची टोपी, चाळीसच्या घरातलं ऊन आणि सिकाडांचा आवाज असा की कान किटावेत.

गाडी लॉक करताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच जरा थांबले. आमच्या गाडीला म्युनिकची नंबरप्लेट. जर्मन प्लेट लावून आम्ही घाडग्यांना भेटायला आलो होतो. बाबांना दाखवलं तर ते काही बोलले नाहीत, फक्त प्लेटकडे बघून मान हलवली.

स्मारकाची अपेक्षा करताना माझ्या डोक्यात आपल्याकडचं चित्र होतं, चौथरा, साखळ्या, फुलांचे सुकलेले हार, उद्घाटनाची पाटी आणि पाटीवर ज्याने पैसे दिले त्यांची नावं शहिदापेक्षा मोठ्या अक्षरात. तसं काही नाही. एक सूर्यघड्याळ, काटा, रेषा, आणि नाव. लॅटिनमध्ये एक ओळ आहे, 'ओम्नेस सुब एओदेम सोले', सगळे एकाच सूर्याखाली. गावच्या नगरपालिकेने आणि काही इटालियन सैनिकी इतिहास अभ्यासकांनी मिळून हे केलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणीही नव्हतं, एक मांजर सोडून.

बाबांनी पहिली गोष्ट काय केली तर मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. मग काट्याची सावली पाहिली. सावली साडेदहाच्या जरा अलीकडे. "बंद पडलंय काय गं?" मला हसूच आलं. सूर्यघड्याळ बंद कसं पडेल. मग तिथेच उभं राहून मी समजावलं की इथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, सूर्याला ते कोण सांगणार, शिवाय इटलीची प्रमाणवेळ जिथली धरली आहे त्याच्या पश्चिमेला हे गाव, त्यामुळे अजून दहा-पंधरा मिनिटं मागे. बाबांना पटलं. ते म्हणाले, "म्हणजे खरी वेळ ही, आपली खोटी." त्यांनी पुढची वीस मिनिटं सावली सरकते का ते पाहिलं. सरकते. बारकाईने पाहिलं तर डोळ्यांना कळते, रेषेच्या कडेला धरून बघायचं.

तेवढ्यात मी फोनवर मूळ सायटेशन काढलं, व्हिक्टोरिया क्रॉस देताना गॅझेटमध्ये जे छापतात ते, आणि त्यांना वाचून दाखवलं. १० जुलै १९४४. मराठ्यांची एक कंपनी जर्मनांच्या एका मजबूत ठाण्यावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे एका रायफल सेक्शनचे कमांडर, म्हणजे हाताखाली फारतर आठ-दहा जण. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे, सगळे म्हणजे एकूण एक, मेले किंवा जखमी होऊन पडले. उरले एकटे घाडगे. मागे कुणी नाही हे माहीत असताना ते सरळ मशीनगनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा गेला. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, एकाला मारलं. मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता. त्यांनी गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिने ठोकून मारलं. आणि मग लांबून स्नायपरच्या गोळ्या आल्या, एक छातीत, एक पाठीत. एकट्याने घेतलेल्या त्याच ठाण्यात ते गेले.

"म्हणजे बंदुकीचा दंडुका केला," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "नळी तापलेली असणार. हात भाजला असेल."

हे मला सुचलं नव्हतं. मी ते सायटेशन आधी चार वेळा वाचलं होतं, पराक्रम वगैरे म्हणून, पण नुकतीच रिकामी झालेली टॉमीगन नळीला धरली तर तळहाताचं काय होईल हे डोक्यातच आलं नाही. बाबांनी आयुष्यभर जुलै-ऑगस्ट सोडून बाकी सगळा उन्हाळा एसटीच्या तापलेल्या दांड्या धरून काढलाय, त्यांना ते बरोबर कळलं.

आई इतका वेळ सावलीत बसली होती. ती म्हणाली, "आणि ते चौघं. त्यांनाही आया असतीलच की." कुणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यासमोर खाली लावलेली गाडी आली. आमच्या म्युनिकच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांच्या घरी भिंतीवर गणवेशातल्या एका तरुण मुलाचा फोटो आहे, कोण ते मी कधी विचारलं नाही.

घाडगेंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. हिशोब करा, तेवीस पण पुरी नव्हती. व्हिक्टोरिया क्रॉस १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी घेतला. पळसगावातून निघून लाल किल्ल्यात जाऊन ती बाई कशी उभी राहिली असेल, कुणी शिकवलं असेल की पदर कसा घ्यायचा, साहेब पुढे आला की काय करायचं. मला राहून राहून तिचंच येत होतं मनात.

गावातल्या बारमध्ये कॉफी घेतली. काउंटरमागच्या बाई सत्तरीच्या, इंग्रजी शून्य, माझी इटालियन पण तशीच, मध्ये फोनचं ट्रान्सलेशन. आम्ही कुठून आलो विचारलं, इंडिया म्हटल्यावर त्यांनी दाराबाहेर, सूर्यघड्याळाच्या दिशेला बोट केलं. त्यांच्या आईकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं ते एवढंच की खेचरं होती, रात्री खेचरं वर जायची आणि त्यांच्याबरोबर काळी माणसं जी मुलांना बघून हसायची. ही खेचरं म्हणजे आपल्याच म्यूल कंपन्या. इटलीच्या ह्या डोंगरात ट्रक चढत नसत, दारूगोळा आणि पाणी वर जायचं ते भारतीय खेचरांच्या पाठीवरून आणि जखमी खाली यायचे तेही कधीकधी तसेच. बाईंनी बाबांच्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत. आईच्या आणि माझ्या कॉफीचे घेतले!

संध्याकाळी उंबेरतिदेच्या बाहेर एका शेतघरात मुक्काम, आपल्याकडचं होमस्टे म्हणा. अंगणातून समोर मोंतोने दिसत होतं, दिवे लागलेले. तिथे बसून बाबांनी तो विषय काढला जो मला वाटतच होतं की कधीतरी निघणार. "पण लढले कुणासाठी? इंग्रजासाठीच ना." १९४२ ला इकडे चले जाव, महाडला कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, आणि दोन वर्षांनी शेजारच्याच तालुक्यातला पोरगा इंग्रजाच्या पलटणीत. मी म्हटलं, बाबा, तुम्ही एसटीत का लागलात? ते म्हणाले, पगार होता. मग. कोकणात आणि घाटावर तेव्हा दोनच वाटा, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येते म्हटल्यावर कुणाचं राज्य हे नंतर. बाबा त्यावर म्हणाले की पगारासाठी माणूस भरती होतो हे ठीक, पण सगळे पडल्यावर एकटा धावतो तो पगारासाठी नाही. बरोबर आहे. मग कशासाठी, हे आम्ही तिघं तिथे बसून ठरवू शकलो नाही आणि आईला डास चावायला लागले म्हणून आत गेलो.

दिवस तिसरा (११ जुलै) : अरेझ्झो

तासाभराचा रस्ता. अरेझ्झो शहर बघण्यासारखं आहे असं सगळे म्हणतात, आम्ही पाहिलं नाही. शहराच्या बाहेर कॉमनवेल्थ वॉर सिमेटरी आहे तिथे गेलो. १२०० हून जास्त कबरी, आणि त्यात भारतीय खूप, कारण ह्या तिबरच्या खोऱ्यात आणि आजूबाजूच्या डोंगरात पडलेल्यांना नंतर इथे आणलं. 

अशी दफनभूमी मी पहिल्यांदाच पाहिली. गवत कात्रीने कापल्यासारखं, प्रत्येक दगड एका उंचीचा, शिपाई आणि मेजर शेजारी शेजारी, दगडात फरक नाही. मुसलमान असेल तर अरबी अक्षरं, हिंदू असेल तर देवनागरीत 'ॐ भगवते नमः'. इटलीच्या एका शेताच्या कडेला उभं राहून दगडावर देवनागरी वाचताना पोटात काहीतरी होतं, त्याला शब्द नाही माझ्याकडे. आई चप्पल काढून फिरत होती. ऊन एवढं होतं तरी.

गेटपाशी भिंतीत एक छोटं धातूचं दार असतं, ते उघडलं की आत रजिस्टर. ह्यात नावांपुढे बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, जिल्हा असं जेवढं कळलं तेवढं लिहिलेलं असतं. इंग्रजीत, आणि स्पेलिंग साहेबाने जसं ऐकलं तसं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि बोट ठेवून वाचायला लागले. मला वाटलं दोन पानं वाचतील. त्यांनी सगळं रजिस्टर वाचलं. मराठा लाइट इन्फंट्री आली की थांबायचे, साहेबाचं स्पेलिंग तोंडात घोळवायचे आणि मग गाव ओळखू आलं की मोठ्याने म्हणायचे. रत्नागिरी जिल्हा. सातारा. कोल्हापूर. कुलाबा, म्हणजे आपलं आत्ताचं रायगड. परत सातारा. परत रत्नागिरी. ज्या सुरात ते स्टँडवर गाडीचा बोर्ड ओरडायचे अगदी त्याच सुरात. एका गावाला तर म्हणाले, "इथे मुक्कामी गाडी जायची, मी चार महिने केलीय ती ड्युटी, नदीच्या अलीकडेच थांबायची पावसाळ्यात." मी शूटिंग करायला फोन काढला आणि परत ठेवून दिला.

व्हिजिटर्स बुकमध्ये लिहायला जागा असते. बाबांनी मराठीत लिहिलं. नाव, आणि रिमार्कच्या रकान्यात 'माणगाव डेपो, रायगड'. बाकी काही नाही.

इटलीच्या ह्या सगळ्या मोहिमेत भारतीय मेले ५७८२. जखमी आणि बेपत्ता धरून आकडा २३ हजारांच्या पुढे जातो. इटलीत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय फौजेला, आणि त्या सहातले दोन मराठा रेजिमेंटला. दुसरे नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. ते कंपनीचे रनर होते, निरोप पोचवणारे. दोन जखमींना एकेक करून सुरुंग पेरलेल्या काठावरून उचलून पलीकडे नेलं, मग परत येऊन मशीनगनची तीन ठाणी गप्प केली आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकून बाकीच्यांना बोलावलं. कोणती आरोळी ते सांगायला नको. ते जगले, १९८४ पर्यंत, पुण्यात. सेनिओ आम्ही येताना ओलांडली होती, हायवेवरच्या पुलावरून, दोन सेकंदात, कळलंही नाही.

दिवस चौथा (१२ जुलै) : कासिनो आणि रोम

घाडग्यांना कबर नाही. हे मला निघायच्या आधी माहीत होतं पण बाबांना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, अरेझ्झोत ते रांगा शोधत फिरायला लागले तेव्हा सांगावं लागलं. ज्यांची कबर माहीत नाही अशा इटलीतल्या चार हजारांवर माणसांची नावं कासिनोच्या स्मारकावर आहेत. रोमच्याही खाली, लांब. "मग जाऊ," बाबा म्हणाले. साडेतीनशे किलोमीटर.

कासिनोला वर डोंगरावर तो प्रसिद्ध मठ, जो १५ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकून पाडला आणि नंतर होता तसा बांधला. त्या लढाईतही चौथी इंडियन डिव्हिजन होती. खाली सपाटीवर दफनभूमी आणि तिच्या मधोमध पाणी, आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच खांब, त्यांवर नावं. रेजिमेंटप्रमाणे. आम्ही दुपारी अडीचला पोचलो, म्हणजे मूर्खपणाची वेळ. दगडाकडे बघवत नव्हतं इतकं चमकत होतं.

शोधायला वेळ लागला. आधी मी चुकीच्या बाजूने सुरुवात केली, ब्रिटिश रेजिमेंटच्याच याद्या संपेनात. मग आईला सापडलं. आईला इंग्रजी नीट वाचता येत नाही, पण 'मराठा' हा शब्द तिने अक्षरं जुळवून जुळवून लावला, आणि त्याखाली नाईकांच्या यादीत, बाकीच्यांसारख्याच आकारात, घाडगे. पुढे दोन अक्षरं, व्ही आणि सी. आपण जवळून जाताना निसटून जाईल इतकं साधं. बाबांनी त्यावर बोट फिरवलं, एकेक अक्षर, दगड गरम होता त्यामुळे मध्ये हात झटकावा लागला. मग खिशातून कागदाची पुडी काढली. मला माहीतच नव्हतं. माणगावहून निघताना त्यांनी कचेरीच्या आवारातली, पुतळ्यापाशची चिमूटभर माती आणली होती, महिनाभर माझ्या घरात बॅगेत होती ती. मी म्हटलं बाबा, कस्टमला पकडलं असतं तर? ते म्हणाले, "सुपारी आहे म्हणून सांगितलं असतं." खांबाच्या पायाशी, फरशीच्या फटीत ती ठेवली. तिथला माळी लांबून बघत होता, त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

रोममध्ये कलोसियम गाडीतूनच दाखवलं, पार्किंग मिळेना. दुसऱ्या दिवशी फ्लाइट. मी एकटीने दोन दिवसात गाडी म्युनिकला परत आणली, ई-४५ न घेता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी ऑफिसला निघताना बाबांचा व्हॉट्सॲप आला. फोटो, पुतळ्याचा. पाऊस असा धो धो की पुतळा अर्धा पुसल्यासारखा, कडेला कुणाची तरी निळी छत्री. बोरिवलीला मावशीकडे जायला निघालेले, माणगावात गाडी नेहमीप्रमाणे अडकली, तर हा माणूस एसटीतून उतरून चालत कचेरीत जाऊन फोटो काढून परत गाडीत बसला, आणि म्हणे गाडी तेवढ्या वेळात दोन दुकानं पुढे गेली होती. खाली लिहिलं होतं: इथे साडेबारा झाले, सूर्य नाही. तिकडे सावली कितीवर असेल?

माझ्या घड्याळात नऊ वाजले होते. मी हिशोब केला आणि लिहिलं, पावणेआठ.